तार आधी, संगणक नंतर : बीडच्या व्यापाऱ्यांनी नेटवर्क बसविताना काय पाहावे?

बीडचा मोंढा असो, सुभाष रोड असो, की माजलगाव, गेवराई, परळीची बाजारपेठ असो. नुसत्या वहीखात्यावर चालणारी मोठी दुकाने आता थोडीच उरली आहेत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा अनेकांनी पहिला संगणक नाइलाजाने घेतला. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास माल विकताना ई-इन्व्हॉइस काढणे सक्तीचे झाले. एका संगणकाचे चार झाले. कॅमेरे लागले, हजेरीचे यंत्र आले, वरच्या मजल्यावर हिशोबनीस बसू लागला, मागच्या गोदामात मालाची नोंद संगणकावर होऊ लागली. ही सारी यंत्रे एकमेकांशी जोडायची तर नेटवर्क हवे, आणि नेमके याच ठिकाणी आपले व्यापारी बांधव फसतात.

संगणक घेताना मालक स्वतः पुण्याला जातो, चार दुकाने फिरतो, भाव करतो, वॉरंटीचा कागद जपून ठेवतो. तारेची वेळ आली की मात्र ‘तूच आण आणि तूच बसव’ असे म्हणून मोकळा होतो. आणणारा मुलगा वाईट नसतो. पण त्याला कोणी काय आणायचे हे सांगितलेले नसते आणि दर मात्र पाडून दिलेला असतो. मग तो त्या दरात बसेल ते आणतो. संगणक पाच-सहा वर्षांत बदलला जातो. भिंतीतली तार मात्र पंधरा-वीस वर्षे तिथेच राहते आणि ती बदलायची म्हटले की भिंत फोडावी लागते, रंग जातो, धंदा दोन दिवस बंद राहतो.

नुकसान कसे होते ते पाहावे. माल भरलेली गाडी दारात उभी आहे, ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर ओरडतो आहे, आणि कारागीर फोनवर सांगतो की ‘स्विच बंद करून चालू करा’. असे महिन्यातून दोनदा झाले तरी तारेत वाचविलेले पैसे वर्षभरात गेले समजा. पतसंस्थेत तर गोष्ट याहून नाजूक आहे. २०२३ नंतर आपल्या जिल्ह्यात काही मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले. गुन्हे नोंदले गेले, मोर्चे निघाले. तेव्हापासून ठेवीदाराचे मन धास्तावलेले आहे. व्यवस्थित चालणाऱ्या एखाद्या छोट्या पतसंस्थेच्या काउंटरवर ‘सिस्टीम बंद आहे, उद्या या’ अशी चिठ्ठी लागली, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी गावभर होते आणि दुसऱ्या दिवशी रांग लागते. उंदराने कुरतडलेल्या एका तारेने एवढे होऊ शकते. गावपातळीवरच्या संस्थाही यात येऊ लागल्या आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे हा प्रश्न आता फक्त शहरातल्या दुकानदाराचा राहिलेला नाही.

ज्यांनी १९९० च्या दशकात एखाद्या बँकेत किंवा कारखान्यात संगणक पाहिले असतील त्यांना ती जाड काळी गोल तार आठवत असेल. टीव्हीच्या केबलसारखी ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टोपण लावावे लागे. मध्येच कोणी तार ओढली की सगळे संगणक एकदम आंधळे व्हायचे. आज प्रत्येक टेबलापासून एक स्वतंत्र तार मधल्या पेटीपर्यंत जाते. एक तुटली तर एकच बंद पडतो, बाकीचे चालू राहतात. हा मोठाच फायदा आहे. पण त्यामुळे सगळा भार त्या मधल्या पेटीवर आणि तिथपर्यंत जाणाऱ्या तारांवर येतो.

आधी कागदावर

समजा, मोंढ्यात आपले दुकान आहे. खाली तीन काउंटर, वर ऑफिसात तीन टेबले, आणि साठ मीटर मागे पत्र्याचे गोदाम. काउंटर आणि टेबलाला प्रत्येकी दोन जागा धरा. एक संगणकाला, दुसरी प्रिंटरला किंवा पुढे लागेल त्याला. म्हणजे बारा झाल्या. दुकानात सहा कॅमेरे, दोन वायफायचे डबे आणि एक हजेरीचे यंत्र, एकूण एकवीस. एका जागेला सरासरी २५ मीटर तार लागते असे धरले तर ५२५ मीटर होते. तारेचे खोके ३०५ मीटरचे येते, म्हणजे दोन खोकी. एवढा हिशोब मालकाने स्वतः करून ठेवला की कोणी ‘चार खोकी लागतील’ म्हणाले तर त्याला कारण विचारता येते.

प्रत्येक तारेची लांबी १०० मीटरच्या आत हवी. त्यातही भिंतीतली पक्की तार ९० मीटरपर्यंत आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या दोऱ्यांसाठी, म्हणजे पॅच कॉर्डसाठी, असा नियम आहे. आपल्याकडच्या दुकानाला ही मर्यादा सहसा आडवी येत नाही. जिनिंगच्या आवारात, गुऱ्हाळात किंवा मंगल कार्यालयात मात्र गेटापासून ऑफिसपर्यंतचे अंतर पावलांनी मोजून घ्यावे.

‘वायफायने भागत नाही का?’ असे पुष्कळजण विचारतात. मोबाइलसाठी भागते. जुन्या बीडमध्ये, बशीरगंज किंवा पेठ भागातल्या जाड दगडी भिंतींच्या घरांत मात्र एका खोलीतले वायफाय पलीकडच्या खोलीत पोचेपर्यंत दमते. शिवाय तो वायफायचा डबाही शेवटी तारेवरच चालतो. बिलाचा संगणक, पैशांचा काउंटर आणि कॅमेरे तारेवरच ठेवावेत.

तांबे की तांब्याचा मुलामा?

बाजारात तीन नावे ऐकू येतात : कॅट ५ई, कॅट ६ आणि कॅट ६ए. कॅट ५ई वर सेकंदाला एक गिगाबिट वेग शंभर मीटरपर्यंत मिळतो आणि दुकानाला तेवढा पुरतो. कॅट ६ वर तेवढा तर मिळतोच. शिवाय अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर दहा गिगाबिटपर्यंत जाता येते. कॅट ६ए वर तो वेग पूर्ण शंभर मीटर टिकतो, पण ती तार जाड, महाग आणि वाकवायला अवघड असते. आमचे मत असे की जुन्या दुकानात चांगली कॅट ५ई असेल तर तिला हात लावू नये, आणि नवे काम करताना कॅट ६ घालावी. कॅट ६ए चा आग्रह धरणाऱ्याला ‘कशासाठी?’ एवढेच विचारावे. इस्पितळात मोठे एक्स-रे, स्कॅन इकडून तिकडे पाठवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

पाचाचा की सहाचा यापेक्षा मोठा प्रश्न तार कशाची आहे हा आहे. खोक्यावर ‘सीसीए’ अशी तीन अक्षरे बारीक छापलेली असतात. त्याचा अर्थ आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. असे खोके पुष्कळदा अस्सल तांब्याच्या निम्म्या भावात मिळते आणि दिसायला हुबेहूब सारखे असते. नेटवर्क-तारेच्या आंतरराष्ट्रीय मानकात पूर्ण तांब्याची तार सांगितलेली आहे. मुलाम्याची तार त्यात बसतच नाही, मग तिच्यावर कॅट ६ छापलेले असो की आणखी काही. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण साठ टक्केच चांगली वाहते. तार दोन-तीनदा वाकवली की आत तुटते, जॅकमध्ये दाबलेल्या जागी काळसर थर धरते, आणि जोडणी कधी लागते कधी नाही. याला आपले कारागीर ‘लूज कनेक्शन’ म्हणतात आणि जॅक बदलून जातात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर धोका जास्त. आजकाल कॅमेऱ्याला वेगळी वीज देत नाहीत. त्याच नेटवर्कच्या तारेतून स्विच त्याला वीज पुरवतो. याला पीओई म्हणतात. मुलाम्याच्या तारेत ही वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. दिवसा कॅमेरा चालतो, रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते आणि नेमका तेव्हाच तो बंद पडतो. चोर दिवसा येत नाही, हे काय सांगायचे!

पारख सोपी आहे. तारेतला एक बारीक धागा सोलून ब्लेडने खरवडा. अस्सल तांबे खोलवर तांबडेच निघते. मुलाम्याची तार आतून पांढरी चंदेरी दिसते. धाग्याला लोहचुंबक चिकटले तर आत चक्क पोलाद आहे. तिसरी परीक्षा मल्टीमीटरची. तार बसविल्यानंतर, ती कशालाही जोडलेली नसताना, एका टोकाला एका जोडीचे दोन धागे एकमेकांना पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यामधला रोध मोजा. मानकाप्रमाणे शंभर मीटर तारेला हा आकडा जास्तीत जास्त १९ ओहमच्या आसपास हवा. म्हणजे साठ मीटर तारेला तो ११ ओहमपर्यंत यावा. १५-१६ दाखविले तर समजावे की तांब्याच्या पैशात ॲल्युमिनियम आले आहे. मल्टीमीटर कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो आणि ही तपासणी पाच मिनिटांची आहे. पैसे देण्यापूर्वी ती मालकासमोर व्हावी.

दोन गोष्टी आणखी. भिंतीतली तार भरीव धाग्याची असावी आणि शेवटची सुटी दोरी बारीक तंतूंची, तयार विकत घेतलेली असावी. दुकानात बसून घाईघाईत दाबलेल्या दोऱ्या हे निम्म्या बिघाडांचे मूळ असते. आणि उघड्यावरून जाणारी तार काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या आवरणाचीच घ्यावी. आतल्या कामाची राखाडी तार गच्चीवर टाकली तर आपल्याकडचे दोन-तीन उन्हाळे तिच्या कवचाला पुरतात. मग ते तडकते आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरते.

तार कोठून न्यावी यालाही महत्त्व आहे. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरच्या पाइपातून नेटवर्कची तार कधीही नेऊ नये. वेगळा पाइप, वेगळी पट्टी, आणि मध्ये किमान वीतभर अंतर. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. ट्यूबलाइटची पट्टी, लिफ्टची मोटार, पिठाच्या गिरणीची मोटार यांच्या अंगाला लावून नेऊ नये. पाइप आज लागतो त्याच्या दुप्पट जाडीचा टाकावा आणि वळणावर तपासणीची डबी ठेवावी. बीडकरांना हे वेगळे सांगायला नको. सोळाव्या शतकात सलाबतखानाच्या काळी बांधलेल्या खजाना बावडीचे पाणी पंपाशिवाय, जमिनीखालच्या मार्गाने शेतांपर्यंत पोचत आले. मार्ग एकदा नीट बांधला म्हणजे काय होते याचा नमुना आपल्या शहराबाहेरच आहे.

गोदामाकडे तांबे नेऊ नका

आता साठ मीटर मागच्या गोदामाकडे वळू. अंतर शंभरच्या आत आहे म्हणून बहुतेकजण तीच तार गच्चीवरून, खांबावरून झोके देत गोदामात नेतात. मराठवाड्यात हे करणे म्हणजे आपल्या हाताने विजेला वाट दाखविणे होय. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि मृगाच्या सुरुवातीला आपल्याकडे विजा किती पडतात, माणसे आणि जनावरे किती दगावतात, हे दरवर्षीच्या बातम्यांतून दिसते. वीज थेट तारेवर पडावी लागत नाही. शे-दोनशे मीटरवर पडली तरी उघड्यावरच्या तांब्यात एवढा दाब उत्पन्न होतो की दोन्ही टोकांचे स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि कधी संगणकाचा बोर्डही जळतो. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते. त्या दोन अर्थिंगमधला फरक तांब्याच्या तारेला धरून वाहू लागतो आणि स्विचची पोर्टे विनाकारण मरतात.

यावर उपाय काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. एकेकाळी हे काम फक्त टेलिफोन खात्याचे होते. आज घरोघरी फायबरचे इंटरनेट देणारे केबलवाले तालुक्याच्या गावी आहेत आणि त्यांच्याकडे काच जोडण्याचे मशीन असते. त्यांनाच सांगून सिंगल मोडची चार किंवा सहा धाग्यांची तार टाकून घ्यावी. लागणारे धागे दोन, बाकीचे राखीव. दोन्ही टोकांना फायबर लागणारा स्विच किंवा छोटा कन्व्हर्टर बसतो आणि गोदामात आठ पोर्टचा एक वेगळा स्विच पुरतो. जमिनीतून न्यायची असेल तर उंदीर-घुशींसाठी पोलादी कवचाची तार घेतात. ते कवच मात्र धातूचे आहे हे विसरू नये. इमारतीत शिरताना ते अर्थ करावे, नाहीतर विजेला पुन्हा तीच वाट मिळेल. पाइप चांगला असेल तर बिनधातूची तार बरी.

गच्चीवरच्या किंवा खांबावरच्या कॅमेऱ्यांना मात्र तांबेच जाते, त्याला इलाज नाही. तेवढ्या तारांना स्विचजवळ सर्ज प्रोटेक्टर लावावा. तो चालतो अर्थिंगवर. अर्थिंग नसेल तर तो नुसता शोभेचा डबा.

पेटी कुठे आणि केवढी?

स्विच, राउटर, पॅच पॅनेल हे सारे ज्या लोखंडी कपाटात बसते त्याला आपल्याकडे सरसकट रॅक म्हणतात. त्याची रुंदी १९ इंचांची ठरलेली असते आणि उंची ‘यू’ मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. वरच्या उदाहरणात २४ पोर्टचे पॅनेल एक यू, स्विच एक यू, तारा आवरणारी पट्टी एक यू, विजेची पट्टी एक यू, फायबरची ट्रे एक यू, राउटरसाठी फळी आणि रेकॉर्डर मिळून तीन यू. आठ झाले. नऊ यूची पेटी यात बसते, पण आम्ही बारा यूची सुचवू. भावातला फरक फार नसतो आणि मोकळ्या जागेतून हवा खेळते. खोली पाहून घ्यावी. उथळ पेटीत कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसत नाही आणि मग तो पेटीच्या डोक्यावर, धुळीत पडून राहतो.

पेटी कुठे टांगावी यावर लोक विचारच करत नाहीत. जिन्याखालची जागा रिकामी असते म्हणून तिथे टांगतात. तिथेच इन्व्हर्टरची बॅटरी असते आणि तिची वाफ धातूला खाते. संडासाच्या भिंतीला ओल असते. पश्चिमेची भिंत दुपारी तापते. बहुतेक साध्या स्विचच्या कागदावर ० ते ४० अंश तापमानात चालेल असे लिहिलेले असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. मग पत्र्याखालच्या बंद पेटीत काय होत असेल! म्हणून पेटी आतल्या भिंतीवर, पुरुषभर उंचीवर, जिथे माणसे बसतात आणि पंखा असतो अशा खोलीत हवी. पंखा नसलेला स्विच मिळत असेल तर तो घ्यावा, कारण पंखा धूळ आत ओढतो.

जिनिंगवाल्यांसाठी हे विशेष. माजलगाव, गेवराई, परळी, धारूरच्या जिनिंगांमध्ये हंगामात रुईचा भुगा हवेत तरंगत असतो. तो पंख्याच्या जाळीवर बसतो, आत थर धरतो, स्विच तापतो. आणि कापसाच्या आवारात तापलेले यंत्र ही आगीची धास्ती वेगळीच. मशीनच्या शेडमध्ये पेटी ठेवूच नये. ऑफिसात ठेवावी, शेडमध्ये फक्त तार न्यावी. तिथे स्विच ठेवणे अगदीच भाग असेल तर धूळबंद डब्यात, बिनपंख्याचा, जास्त तापमानाला टिकणारा औद्योगिक स्विच घ्यावा. तो दोन-तीनपट महाग पडतो. पण हंगामात गाड्यांची रांग लागलेली असताना वजनकाटा बंद पडू देण्यापेक्षा स्वस्तच म्हणायचा.

अडत, धान्य, किराणा, पशुखाद्य यांच्या दुकानांत तिसरा शत्रू उंदीर. पेटीत तारा शिरण्याची भोके असतात ती उघडी सोडली की उंदराला उबदार घर मिळते. भोकांना ब्रशची पट्टी किंवा रबराची गोल टोपणे लावावीत, न वापरलेली भोके पत्र्याने बंद करावीत. पेटीला कुलूप हवे आणि त्याची एक किल्ली मालकाकडे हवी.

स्विच, वीज आणि अर्थिंग

स्विच घेताना सगळी पोर्टे गिगाबिटची आहेत का हे विचारावे. कॅमेऱ्यांसाठी पीओई स्विच घेताना पोर्टांची संख्या पुरेशी नाही. एकूण वॅट विचारावेत. उदाहरणार्थ सहा कॅमेरे रात्री प्रत्येकी ८ वॅट म्हणजे ४८, आणि दोन वायफायचे डबे प्रत्येकी १३ वॅट म्हणजे २६, बेरीज ७४. आठ पोर्टांचा ६० वॅटचा स्विच यात मोजणीला पुरतो आणि विजेला कमी पडतो. इथे शंभर वॅटच्या वरचा हवा. थोडे पैसे जास्त देऊन ‘मॅनेज्ड’ किंवा ‘स्मार्ट’ प्रकार घेतला तर कॅमेऱ्यांची वाहतूक बिलाच्या संगणकांपासून वेगळी ठेवता येते. त्याचा आणखी एक उपयोग आहे. दुकानातल्या पोराने झाडलोट करताना सुटी पडलेली दोरी दोन्ही टोकांनी भिंतीत खोचली, की साध्या स्विचवर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सारे नेटवर्क ठप्प होते. कारण सापडायला दिवस जातो. स्मार्ट स्विचमध्ये हा फेरा ओळखण्याची सोय असते. ती बसविणाऱ्याकडून चालू करून घ्यावी.

पतसंस्थेने इंटरनेटच्या दोन वाटा ठेवाव्यात, एक फायबरची आणि दुसरी सिमकार्डाची, आणि एक गेली की दुसरी आपोआप घेणारा राउटर घ्यावा. दोन्ही जोडण्या एकाच खांबावरून येणाऱ्या असतील तर त्यांना दोन म्हणू नये.

लोडशेडिंग पूर्वीइतके नसले तरी वीज येण्या-जाण्याचे झटके आहेतच. घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर दम घेतो. तेवढ्यात स्विच आणि राउटर पुन्हा सुरू होऊ लागतात आणि दोन-तीन मिनिटे काम थांबते. पेटीसाठी स्वतःचा छोटा यूपीएस असावा. सगळी पेटी मिळून दीड-दोनशे वॅट घेते, त्यामुळे मोठा लागत नाही.

अर्थिंगचे मात्र आपल्या भागात हाल आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तिथली पट्टी नावापुरती राहते. फेब्रुवारीपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालण्याची जिम्मेदारी एका माणसावर सोपवावी. पाण्याची टंचाई आहे हे खरे. कपडे धुतलेले पाणीही चालते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर नवे यंत्र जोडण्याआधी अर्थिंग दुरुस्त करावे. पेटीचे लोखंड हिरव्या वायरने त्याच अर्थिंगला जोडलेले असावे.

बिल, पासवर्ड आणि एक कागद

कोटेशनमध्ये ‘केबलिंग — ठोक’ अशी एक ओळ मान्य करू नये. तारेची कंपनी, प्रकार, ‘पूर्ण तांबे’ हे शब्द, मीटर, पॅनेल, जॅक, पेटीचे यू, स्विचचा मॉडेल क्रमांक हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. पक्के बिल घ्यावे. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला यंत्रांवरचा कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, त्यामुळे ‘बिलाशिवाय स्वस्त’ हा हिशोब त्याच्या पदरी सहसा तोट्याचाच येतो. कंपोझिशन योजनेत असलेल्याला हे क्रेडिट मिळत नाही, पण वॉरंटी मागायला बिल त्यालाही लागतेच. एकूण रकमेतला दहावा भाग महिनाभर राखून ठेवण्याचे आधीच बोलून घ्यावे.

राउटर, स्विच आणि रेकॉर्डरचे पासवर्ड मालकाने स्वतः बदलून घ्यावेत आणि बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. बसविणारा गाव सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, तर यंत्रे पुसून सुरुवातीपासून काम करावे लागते. कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवणे म्हणजे तर दुकानाचे दार इंटरनेटवर उघडे टाकणे.

या कामात आपल्या मुलांना रोजगारही आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाने पंच टूल, क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि लेबल छापण्याचे छोटे यंत्र एवढे घेतले आणि हात नीटनेटका ठेवला, तर तालुक्याच्या गावी त्याला काम कमी पडू नये. भांडवल एखाद्या चहाच्या गाड्यापेक्षा जास्त लागत नाही. लागतो तो संयम, कारण पॅनेलच्या मागे आठ बारीक धागे रंगाच्या क्रमाने दाबताना एक चुकला तरी जोडणी जाते.

काम ताब्यात घेण्याच्या दिवशी घाई करू नये. प्रत्येक तार टेस्टरवर लावून आठही धागे सरळ आल्याचे पाहावे, चारदोन तारांचा रोध मोजावा, मेन स्विच पाडून यूपीएस किती वेळ धरतो ते घड्याळ लावून बघावे. रात्री एकदा जाऊन सगळे कॅमेरे चालू आहेत का पाहावे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवलेला असावा. आणि कोणता क्रमांक कोणत्या टेबलाला किंवा कॅमेऱ्याला जातो याची यादी मराठीत लिहून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पेटीच्या दाराला आतून डकवून घ्यावी; तिची एक प्रत पासवर्डच्या पाकिटात ठेवावी.